खारूताईंना भुवया नसतात

वाघ काढायला फारसं काही लागत नाही. दोन गोल कान, कपाळावर चार रेघा, मिशा. बाकीचं भय वाचणारा पदरचं घालतो. हत्तीला सोंड आहे, गाढवाला कान आहेत, उंटाला तर सगळंच आहे. हास्यचित्रकाराच्या सोयीसाठी देवाने बहुतेक प्राणी निम्मे काढूनच पाठवलेत. खार मात्र त्याने स्वतःच्या हौसेखातर केली असावी. ती पुढे कुणाला छापायची आहे, हा विचार तिच्यात कुठेच दिसत नाही.

एका मासिकाच्या संपादकांनी मला प्राण्यांवरची एक स्ट्रिप करायला सांगितली. तीन चौकटींची, "मुलांना आवडली पाहिजे, पण मोठ्यांनी चोरून वाचली पाहिजे" अशी. मराठी घरांना चहाबरोबर चौकटी वाचायची सवय ‘चिंटू’ने लावली. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा तो पोरगा १९९१ साली ‘सकाळ’मध्ये आला, आणि तेव्हापासून पुण्यात कुणी पेन्सिल हातात घेतली की समोरचा विचारतो, "चिंटूसारखं काही?" संपादकांनीही विचारलं. मी म्हटलं, नाही, खार. फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू येईना. मग म्हणाले, "चालेल. रामायणातली आहे."

मी खार निवडली त्यात रामायणाचा संबंध नव्हता. आमच्या गॅलरीसमोर आंबा आहे, त्याला खेटून देशी बदाम आहे, आणि नीट मोजदाद केली तर सोसायटीत बहुमत खारींचं आहे. त्या मेंटेनन्स भरत नाहीत, पण तेवढ्यावरून कुणाचं सदस्यत्व जात असतं तर आमची मॅनेजिंग कमिटीच उरली नसती. थोडक्यात, मॉडेल फुकट आणि उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत हजर. फक्त ते एका जागी थांबत नाही. वहीची पानंच्या पानं नुसत्या शेपट्यांनी भरली. शेपटीच्या पुढे असलेला प्राणी तोवर बी विंगच्या पत्र्यावर पोचलेला असायचा.

शेपूट हे खारीचं ओळखपत्र. ते झाका, उरतो तो उंदीर. दोघं एकाच गणातली, पुढचे दात जन्मभर वाढत राहतात म्हणून जन्मभर काहीतरी कुरतडत बसणारी. बरं, शेपूट जरा झुपकेदार काढली की खार थेट लंडनच्या बागेत जाते. आपल्या खारीची शेपूट तशी बारीक, विरळ केसांची. तिचा सगळा दिमाख हलण्यात आहे. ओरडताना दर चिरकण्यामागे शेपटीला एक झटका, असा ताल असतो, आणि कागदावर झटका दाखवायचा म्हणजे शेपटीच्या दोन्ही बाजूंना कंस काढायचे. कंस जास्त झाले की शेपटीला शॉक बसलेला दिसतो. त्यात पाठीवरचे तीन पट्टे. छापल्यावर जी अंगठ्याच्या नखाएवढी होणार, तिच्या पाठीवर क्रोक्विलच्या निबने तीन पांढऱ्या जागा शाबूत सोडायच्या. छापखान्यात शाई जरा पसरली की पट्टे मिटतात आणि अंकात मुंगूस येतं. मुंगूस दिसणं शुभ असतं, त्यामुळे वाचकांची तक्रार नव्हती.

खरी पंचाईत चेहऱ्याची. हास्यचित्राचा निम्मा धंदा भुवयांवर चालतो. दोन्ही वर गेल्या की आश्चर्य, मध्ये आल्या की राग, एकच वर गेली की सासूबाई. खारीला भुवया नाहीत. डोळे आहेत ते डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे मागचंही तिला बरंचसं दिसतं. म्हणजे आमच्या धंद्यातला सर्वांत जुना विनोद, पात्र चालत जातं, थबकतं आणि चमकून मागे बघतं, तो बाद. खार मागे वळून कशाला बघेल? तिने ते आधीच बघितलंय, आणि तिला त्यात रस नाही. शेवटी मी भुवया काढल्या. आमच्या सासूबाईंनी चष्मा कपाळावर सरकवून चित्र डोळ्यांजवळ धरलं आणि विचारलं, "हिनं पार्लरात जाऊन आयब्रो केल्यात का गं?"

एका बाबतीत मात्र सूट मिळाली. मिकी माउसच्या काळापासून कार्टूनमधल्या पात्रांच्या हाताला चारच बोटं काढायची चाल आहे, त्यात मेहनत वाचते. खारीच्या पुढच्या पंजाला मुळातच चार बोटं असतात, अंगठ्याच्या जागी नुसता कोंभ. कार्टून व्हायची तयारी करूनच जन्माला आलेला हा एकमेव प्राणी, असं मी लिहिणार होते; पण उंदराचंही तसंच असतं, आणि मिकी कोण होता ते सर्वांना ठाऊक आहे.

आणखी एक सोय तिच्या घोट्यांची. मागचे पाय तिला उलटे फिरवता येतात, म्हणून ती डोकं खाली करून खोडावरून सरळ उतरते. मांजर चढताना शूर असतं, उतरायच्या वेळी फायर ब्रिगेडला फोन करावा लागतो. दोन खारी बोलताहेत, एक सरळ आणि एक उलटी, एवढ्यावर पहिली चौकट आपोआप भरते. जग उलटं चाललंय असं दोघींपैकी कुणीही म्हणावं.

नावाचा प्रश्न मराठीने कधीच सोडवून ठेवलाय. वाघोबा, कोल्होबा, ससेभाऊ. पण खार म्हटलं की खारूताई. झाडावरचे निम्मे रहिवासी पुरुष असणार, हे मान्य करायला आपलं बालवाङ्मय तयार नाही. बाहेरदेशी नेमकं उलटं. टेक्स एव्हरी यांनी १९४४ मध्ये एमजीएमसाठी स्क्रूई स्क्विरल नावाचा जो नमुना पडद्यावर आणला तो पुरुष. पहिल्याच चित्रपटात एक गोजिरवाणी, शहाणी खार गोड गोड बोलत येते, हा तिला झाडामागे नेऊन बदडतो आणि सिनेमा ताब्यात घेतो. पाच चित्रपटांत लोकांना त्याचा वीट आला, तरी मला त्याच्याबद्दल आदर आहे. डिस्नेचे चिप आणि डेल हे खारीचे चुलत बंधू, गालात दाण्यांच्या पिशव्या असलेले. १९५९ पासून टीव्हीवर उडणारा रॉकी, तोही पठ्ठ्याच. बाईमाणूस शोधायला मार्व्हलच्या कॉमिक्सकडे जावं लागतं. स्पायडरमॅनच्या जनकांपैकी एक असलेल्या स्टीव्ह डिट्को यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला स्क्विरल गर्ल काढली, आणि तिने खारींची फौज आणून डॉक्टर डूमसारख्या जगज्जेत्या खलनायकाला नमवलं. खारींनी मनावर घेतलं तर काय होतं ते आमच्या मीटरबॉक्सने पाहिलेलं असल्यामुळे मला यात काही अतिशयोक्ती वाटत नाही.

अतिशयोक्ती तिकडच्या खऱ्या खारींनीही शिल्लक ठेवलेली नाही. १९८७च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये एका खारीने विजेच्या यंत्रणेत तोंड घातलं आणि नॅसडॅक या शेअर बाजाराचं कामकाज सुमारे दीड तास बंद पडलं. १९९४ मध्ये दुसऱ्या खारीने पुन्हा तेच केलं. आमच्या खारीने वायफायची केबल कुरतडली तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर अख्खी दुपार एकही सुविचार आला नाही. तिचे आभार कुणी मानले नाहीत.

परदेशी खारींच्या स्ट्रिपा मी अभ्यासासाठी पुष्कळ चाळल्या. कथानक एकच: ओकचं फळ. मिळालं, पुरलं, विसरलं, शोधलं. ‘आइस एज’मधल्या स्क्रॅटने २००२ पासून त्या एका फळाचा पिच्छा पुरवला आणि पुढे त्यापायी भूखंडसुद्धा फोडून दाखवले. तिकडे बर्फ पडतो, साठवण करावीच लागते, हे समजू शकतं. आपल्या खारीने कशासाठी साठवायचं? पुण्याचा हिवाळा स्वेटरला ऊन दाखवेपर्यंत संपतो. ती हिवाळाभर झोपतही नाही. पेरू, चिकू, बदाम, शेवग्याची फुलं, बारा महिने काही ना काही चालू असतं, आणि पितृपक्षात कावळ्यासाठी गच्चीत ठेवलेलं पान. गेल्या पितृपक्षात कावळ्याची वाट बघत आम्ही सगळे कठड्याआड उभे होतो. खारीने येऊन वडा दोन हातांत धरला, मक्याचं कणीस फिरवावं तसा गोल फिरवत कडेकडेने खाल्ला, खीर हुंगली आणि गेली. आजेसासऱ्यांना वडे आवडायचे, खिरीला ते हात लावत नसत, त्यामुळे मंडळी विचारात पडली. ही पट्टी जशी घडली तशी काढली. तिला पंच लागला नाही.

तरीही सुरुवातीला माझ्या खारी फार बोलल्या. फुगे एवढे मोठे झाले की त्यांना उभं राहायला फांदी उरेना. एक खार दुसरीला पार्किंगवरून टोकते, तिसरी पाण्याच्या टँकरचा हिशेब मागते, चौथी म्हणते आमच्या वेळी आंब्याला याच्या दुप्पट मोहोर यायचा पण आम्ही कधी त्याचे फोटो टाकले नाहीत. अंक आल्यावर तळमजल्यावरच्या काकांनी मला जिन्यात गाठलं. "ती पार्किंगवाली खार म्हणजे तिसरा मजला ना? झकास पकडलीत." तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी संध्याकाळी भाजी निवडता निवडता तळमजल्याचं नाव घेतलं. माझ्या डोळ्यांसमोर सेक्रेटरी होते. ते मनापासून हसले, कारण त्यांना तिच्यात चेअरमन दिसले. आपण खार आहोत असं अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकालाही वाटलं नाही.

तिथेच मला कळलं की हे काम गॅलरीत बसून बघण्याचं आहे, बोलण्याचं नाही. खारीच्या तोंडी माणसाची वाक्यं घातली की ती शेपूट लावलेली सोसायटी होते, आणि सोसायटी आम्हाला बिनशेपटाची रोज मिळते. खारीचं जे विनोदी आहे ते तिच्या घाईत आहे. ती खोडावरून सुसाट निघते. निम्म्यात थबकते. आपण कशाला निघालो होतो ते विसरून तिथेच मागच्या पायाने कान खाजवते, आणि मग आल्या वाटेने तितक्याच सुसाट परत. असं करणारं माणूस आमच्या स्वयंपाकघराच्या दारात दिवसातून चारदा दिसतं. पण माणूस ओशाळतं. काहीतरी घ्यायला आलो होतो हे पटवण्यासाठी उगाच एक वाटी उचलतं. खार वाटी उचलत नाही.

बोक्याचं प्रकरण घ्या. सोसायटीचा पिवळा बोका आंब्याखाली दबा धरून बसला की वरच्या फांदीवरून त्याचा जाहीर उद्धार सुरू होतो. यात शास्त्र आहे. जो लपून शिकार करतो त्याला "तू दिसलास" एवढं कळवलं की त्याचं दुकान बंद होतं. बोकाही मग पंजा चाटतो, आपण इथे सहज वाऱ्यावर बसलो होतो असा चेहरा करतो आणि निघून जातो. खार मात्र तो गेल्यावरही कितीतरी वेळ ओरडत राहते, दर ओरडीला शेपटीचा झटका देत. या भाषणाला शब्द कुठून आणायचे? मी तिन्ही चौकटी ‘चिरीक चिरीक’ने काठोकाठ भरल्या आणि कोपऱ्यात बोक्याच्या परतणाऱ्या शेपटीचं टोक ठेवलं. संपादक म्हणाले, "उत्तम आहे. मजकूर थोडा कमी करता येईल का?"

त्यांना हवं होतं रामायण. खरं सांगायचं तर खार म्हटलं की सगळ्यांनाच तेच हवं असतं. वर्गणी मागायला आलेली पोरंसुद्धा "काकू, खारीचा वाटा" म्हणतात आणि पावती पाचशेची फाडतात. सेतू बांधताना खारीने वाळू आणली, रामाने पाठीवरून बोटं फिरवली, पट्टे उमटले. ही कथा वाल्मीकींकडे सापडत नाही, लोकांनी घातलेली आहे, आणि लोकांनी घातलेली असल्यामुळेच ती इतकी गोड आहे. एक हिशेब मात्र मला सुटत नाही. आपल्या दक्षिणेकडच्या खारीला तीन पट्टे असतात, उत्तरेकडच्या जातीला पाच. तिकडे अख्खा पंजा फिरला म्हणायचा का? वाळू तर इकडच्यांनी वाहिली असणार, समुद्र इकडे होता. निधीवाटपात हा असमतोल किती जुना आहे बघा.

आणि मग शेकरू. स्ट्रिपमध्ये मी त्यांना भीमाशंकरचे मामा म्हणून आणलं. खारूताईचं वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, मामा दोन किलोपर्यंत भरतात. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत मीटरभर लांब, अंगावर तांबूस-किरमिजी शाल. त्यांच्यासाठी १९८५ मध्ये भीमाशंकरला अभयारण्य झालं. ते महाराष्ट्राचे राज्यप्राणी आहेत. पाय सहसा जमिनीला लावत नाहीत. स्वतःच्या हद्दीत एकाहून अधिक घरं बांधून ठेवतात. या फांदीवरून त्या फांदीवर वीस-वीस फुटांची उडी सहज मारतात. राज्य पातळीवरच्या निवडीचे निकष काय असतात याबद्दल मला कुतूहल होतं, ते त्यांच्याकडे बघून फिटलं. माझ्या पट्टीत मामा येतात, खारूताई चहा ठेवते, आणि तिचं लक्ष त्यांच्या पाठीकडे जातं. पाठीवर एकही पट्टा नाही. म्हणजे सेतूच्या कामाला मामा आलेच नव्हते. वाळू वाहिली तिने, पद मिळालं मामांना. शेवटच्या चौकटीत ती फक्त चहात साखर ढवळते आहे. संपादकांनी ही पट्टी घेतली, ‘राज्यप्राणी’ एवढा शब्द काढून.

पण लोकांनी फ्रिजवर चिकटवली ती पट्टी सासूबाईंची. त्यांचा लक्ष वातींचा संकल्प होता. सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून, कापसातली सरकी काढत, बोटाला जरा राख लावून त्या वाती वळायच्या आणि मोजून जुड्या बांधायच्या. दोन दिवस हिशेब जुळेना. तिसऱ्या दिवशी चोर सापडला. खार कठड्यावर यायची, सासूबाईंचं लक्ष फोनकडे गेलं की एक जुडी उचलायची, दोन्ही हातांनी दुमडून दुमडून तोंडात कोंबायची आणि पांढरी दाढी लागल्याच्या थाटात एसीच्या बाहेरच्या खोक्यामागे दिसेनाशी व्हायची. "मेली भवानी, माझं पुण्य घेऊन चाललीय," सासूबाई ओरडल्या. मी स्टूल घेऊन मागे डोकावले. नारळाचा काथ्या, पायपुसण्याचे दोरे, कुणाच्या तरी गादीचा कापूस, आणि मधोमध शुद्ध कापसाच्या हातवळणीच्या वातींवर उघडीबोडकी, डोळे मिटलेली पिल्लं.

"एसी लावू नका," सासूबाईंनी फर्मावलं. एप्रिल होता. पिल्लांचे डोळे उघडायलाच तीनेक आठवडे जातात, आईला सोडून हिंडायला त्याहून कितीतरी जास्त. आम्ही सगळे घामाघूम होऊन पंख्याखाली बसलो होतो आणि सासूबाई नव्या जुड्या खारीला दिसतील अशा ठेवत होत्या. "बाळंतिणीला कापूस लागतोच. या वाती माझ्या लाखात धरायच्या का गं?" त्यांनी गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी बराच विचार करून सांगितलं की निम्म्या धराव्यात.

ही पट्टी मी शब्दांवाचून केली. शि. द. फडणीसांनी मराठी माणसाला शब्द न वापरता इतकी वर्षं हसवलंय की इथे फुगा काढायची लाज वाटावी. पहिल्या चौकटीत आजी वाती वळते, दुसरीत खार नेते, तिसरीत खोक्यामागे खार वातींच्या गादीवर पसरलीय आणि आत बंद एसीखाली आजी पदराने वारा घेतेय. सासूबाईंनी अंक हातात घेऊन पट्टी तीनदा बघितली. "खार चांगली आलीय," त्या म्हणाल्या. "मी इतकी जाड नाही." संपादकांनी खाली आपणहून एक ओळ छापली होती: ‘वीज वाचवा.’

आता वाचकांची पत्रं येतात, आणि त्यांतलं एक पत्र माझ्या जिवाला घोर लावून बसलंय. एका चिमुरड्या वाचकाने विचारलंय, खारूताईंचे भावोजी कुठे असतात? प्रश्न रास्त आहे. निसर्गात उत्तरही सरळ आहे. हंगाम आला की एका ताईमागे चार-पाच भावोजी एकदमच लागतात, आंब्यावरून बदामावर, बदामावरून पत्र्यावर, आरडाओरडा करत. आणि काम झालं की पिल्लांशी त्यांचा काही संबंध राहत नाही. मी तेच काढून पाठवलं. पळापळीची ती पट्टी माझ्या मते आजवरची सर्वांत चांगली आहे. तीन चौकटींत पाच खारी आहेत, पट्टे शाबूत आहेत आणि कुणालाही भुवया नाहीत.

संपादकांचा फोन आला. "चित्र फर्मास आहे हो, पण आमचा अंक चारचौघांत वाचला जातो."

सासूबाई पलीकडून ऐकत होत्या. "स्वयंवर म्हण," त्यांनी तिथूनच सांगितलं.

‘खारूताईंचं स्वयंवर’ या नावाने पट्टी एका रेषेचाही बदल न होता मंजूर झाली, आणि पुढच्या अंकासाठी लग्नाच्या पंगतीची मागणी आली. मी त्यांना समजावलं की नवरदेव केव्हाच निघून गेलेत, पंगत कुणाची मांडायची?

"गेले तर जाऊ द्या," संपादक म्हणाले. "जिलबी दिसली पाहिजे. आणि मुख्य पाहुणे म्हणून त्या भीमाशंकरच्या मामांना बसवा. जमिनीवर नको, फांदीवरच बसवा. पदाचा मान राहिला पाहिजे."